आचारी आणि आचार्य

‘लग्नघरात आधी आचार्यांची पंगत उठली, मग वरात बसली.’ हे वाक्य सध्या माझ्या काकांच्या नावावर एका पीडीएफमध्ये आहे. काकांनी ते लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं होतं ‘आचाऱ्यांची’. स्वयंपाक्यांची. मझौलीच्या त्या कहाणीतला सारा विनोद ऱ्य मधल्या अर्ध्या र वर उभा आहे. मालगुजाराच्या घरी चुलीपुढच्या माणसांनी हट्टाने आधी आपली पानं मांडून घेतली आणि वऱ्हाड तोंड बघत राहिलं, अशी ती कहाणी. पीडीएफमध्ये स्वयंपाक्यांचे गुरुजी झाले आणि कहाणीचं सुभाषित झालं: विद्वानांचा मान पहिला. सांगणाऱ्या बाईने ऐकलं असतं तर तिने हातातलं सूप फेकून मारलं असतं.

भांडायचं आहे ते त्या पीडीएफशी नाही. चुका होतात, मीही भरपूर केल्या आहेत. भांडण आहे ते ती झाल्यावर मला मिळालेल्या सल्ल्याशी. सल्ला असा: ‘मजकूर डिजिटल झाला ना? मग आता ते डबडं भंगारात द्या.’ सल्ला देणारे पुस्तकं वाचणारे होते, एकदोघे तर छापणारेही.

डबड्याची ओळख करून देते. काका पुण्यात सरकारी कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर मझौलीच्या घरी परतले. मझौली हे जबलपूर जिल्ह्यातलं, सिहोऱ्याहून आत गेल्यावर लागणारं तहसिलीचं गाव. विष्णु-वराहाच्या जुन्या देवळामुळे ओळखलं जातं. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं, त्यामुळे या बाजूला मराठी घरं तुरळक का होईना, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, ओसरीवर बुंदेली, कचेरीत हिंदी. काकांनी येताना कचेरीच्या लिलावात घेतलेला एक ३८६ संगणक आणला. त्यात जिस्ट कार्ड होतं. १९९४ पासून सात वर्षं ते गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून कहाण्या ऐकायचे आणि रात्री मराठीत उतरवायचे. मधूनमधून बाईचं एखादं वाक्य बुंदेलीतच ठेवायचे. त्या बाया आता नाहीत, काकाही नाहीत. उरल्या चौतीस फ्लॉप्या आणि डॉट मॅट्रिक्सवर काढलेला पानांचा गठ्ठा. रिबन संपत आली तरी काका ती बदलत नसत, त्यामुळे निम्मी पानं राखाडी. एका संस्थेने आस्थेने ती पानं टंकलेखकाकडून पुन्हा टाइप करून घेतली. राखाडी पानावर ऱ्य आणि र्य यांत फरक दिसत नाही. टंकलेखकाने जो शब्द जास्त प्रतिष्ठित वाटला तो घेतला. पीडीएफ झाली.

जिस्ट कार्ड म्हणजे काय, हे आज तिशीतल्या मराठी लेखकाला सांगावं लागतं. परम सगळ्यांना माहीत असतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला, ती गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकायला मिळते. त्याच सी-डॅकमधून आलेलं हे कार्ड मात्र कुणाच्या भाषणात नसतं. त्याची मुळं आयआयटी कानपूरची. तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे देवनागरी की-बोर्ड आणि देवनागरी संगणक यांवर काम चालू होतं. मोहन तांबे त्यातूनच पुढे आले, आणि १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम पुण्यात आलं.

अडचण काय होती ते पाहा. डॉसचा पडदा म्हणजे पंचवीस ओळी आणि ओळीत ऐंशी सारखी घरं. एका घरात एक अक्षर. इंग्रजीचं भागतं. मराठीत ‘स्त्री’ किती घरांत बसवणार? वेलांटी कुठे ठेवणार? त्या काळचा प्रोसेसर ही जुळणी करत बसला असता तर दुसरं काही करायला उरलाच नसता. म्हणून हे काम कार्डाने उचललं. वर्डस्टारला किंवा डीबेसला वाटायचं, आपण नेहमीसारखी साधी अक्षरं पाठवतोय. त्यांची जोडाक्षरं करून पडद्यावर उमटवायचं काम कार्डाचं. मुख्य प्रोसेसरला जे झेपत नाही ते अंगावर घेणारं कार्ड, याला जगभर ॲक्सिलरेटर म्हणतात. आपलं कार्ड खेळातली विमानं जलद उडवण्यासाठी नव्हतं, आपली लिपी पडद्यावर आणण्यासाठी होतं, एवढाच फरक.

आणि त्याने अक्षर साठवलं कसं? उच्चाराच्या क्रमाने. आधी क, मग वेलांटी, मग पडद्यावर ‘कि’. ही पद्धत म्हणजे इस्की, जी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून प्रमाण केली. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता, त्यामुळे एका लिपीतला मजकूर दुसरीत दाखवणं सोपं. काका पाहुण्यांना हा खेळ करून दाखवत, मझौलीची कहाणी तेलुगू अक्षरांत. ऱ्य मधल्या र साठी या तक्त्यात स्वतंत्र ऱ होता. म्हणजे आचारी आणि आचार्य यांतला फरक या यंत्राला पक्का माहीत होता. आज आपण मोबाइलवर ज्या युनिकोडमध्ये लिहितो, त्याच्या देवनागरी तक्त्याचा सांगाडाही १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. (‘ॲ’ला मात्र युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळायला २००८ उजाडलं. तोवर आपण ‘ऍ’वर भागवत होतो, काही जण अजून भागवतात.)

मग विंडोज आलं, पेजमेकर आला आणि मराठी प्रकाशनव्यवहाराने सुधारणा केली. या सुधारणेबद्दल कुणी तोंड उघडत नाही म्हणून मी उघडते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये आपण जे टाइप केलं त्यात अक्षर नव्हतंच. होते अक्षराच्या आकाराचे तुकडे, वेलांटी अक्षराच्या आधी, आणि या तुकड्यांना इंग्रजी अक्षरांचे नंबर. प्रत्येक घराण्याचा तक्ता निराळा. फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. १९८८ च्या कार्डात भाषा साठवली जात होती, १९९८ च्या फाइलीत तिच्या आकारांची चित्रं. पानं सुंदर दिसू लागली हे खरं, आणि छापखान्याला तेवढंच हवं होतं हेही खरं. पण दोन दशकांचं मराठी साहित्य आपण अशा फाइलींत कोंडलं, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती तर २००१ चीच. माझ्या स्वतःच्या पहिल्या अनुवादाची फाइल माझ्याकडे आहे. तिचा फॉन्ट माझ्याकडे नाही. उघडली की पहिल्या ओळीत चार प्रश्नचिन्हं, एक पौंडाचं चिन्ह आणि बराचसा एस. काकांची फ्लॉपी माझ्या त्या फाइलीपेक्षा वयाने मोठी आहे आणि वाचता येते. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

वाचता येते, पण यंत्र चालू झालं तर. ते उघडलं तेव्हा मदरबोर्डवर हिरवा थर होता. घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटून तिचं पाणी पसरलं होतं. ते अल्कधर्मी असतं, म्हणून आधी व्हिनेगरचा बोळा फिरवायचा, मग अल्कोहोलने पुसायचं. खाली तांब्याच्या तीन वाटा खाल्ल्या गेल्या होत्या. यंत्र मी जबलपूरला मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये नेलं, जिथे संगणकवाल्यांची दुकानं आहेत. पाच जणांनी हात लावला नाही. सहावा कारागीर साठीचा, मूळचा टीव्ही दुरुस्तीवाला. त्याने झाकण काढलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “दीदी, कबाड़ तो है, पर मरा नहीं है.”

त्याने खाल्लेल्या वाटांवर केसासारख्या तारा टाकून डाग दिले. तरी वीज दिली की पंखा एकदा फिरे आणि बंद. कार्ड काढलं की यंत्र जिवंत, बसवलं की गप्प. मी मनातल्या मनात कार्डाचे दिवस घालायला लागले होते. तो मात्र खूश झाला. वीजपुरवठा स्वतःला वाचवतोय, म्हणजे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे, आणि शॉर्ट सापडतोच. मल्टिमीटर लावून त्याने कार्डावरच्या बारा व्होल्टच्या वाटेवरचा मसुराच्या दाण्याएवढा पिवळा टँटलम कॅपॅसिटर दाखवला. हे दाणे वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले की पहिल्याच झटक्याला शॉर्ट होतात, कधी धूर काढून जळतात. जुना सोळा व्होल्टचा होता, त्याने पंचवीसचा बसवला. “थोड़ा अपग्रेड कर दिया,” म्हणाला. या अपग्रेडला माझी हरकत नाही. कार्ड जे वाचतं त्यात त्याने तसूभर फरक पडत नाही, फक्त वाचणारा जगतो.

कार्डावर काचेची खिडकी असलेल्या चिपा होत्या. अशी चिप अतिनील प्रकाशाने पुसली जाते, म्हणून खिडकीवर कागद चिकटवतात. एकीवरचा कागद गळून पडला होता. आत काय आहे हे न विचारता आधी त्यांची प्रत काढून ठेवायची, हा नियम मला एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने शिकवला आणि प्रत काढायचं यंत्रही तिनेच दिलं. हस्तलिखितांच्या अभ्यासात आम्हाला हेच शिकवलं होतं. तिथे ते भारदस्त वाटलं होतं, इथे लोक हसले.

युरोपात हसले नसते. तिकडे अमिगा १२०० नावाच्या जुन्या संगणकासाठी ब्लिझर्ड १२३० नावाचं ॲक्सिलरेटर कार्ड मिळायचं. आज ते बिघडलं तर त्यावरचा एकेक कॅपॅसिटर बदलणारी, आकृत्या काढून ठेवणारी माणसं आहेत. पीस्टॉर्म नावाची एक जोडणीही निघाली आहे. जुन्या प्रोसेसरच्या जागी ती बसवायची, तिच्यावर रास्पबेरी पाय लावायचा आणि तो जुन्या प्रोसेसरची नक्कल कित्येक पट वेगाने करतो. हा सगळा खटाटोप बहुतेक वेळा बालपणीचे खेळ पुन्हा खेळण्यासाठी. मला त्यांचा हेवा वाटतो. आपल्याकडे ज्या कार्डावर मराठी पहिल्यांदा धड उभी राहिली ते किलोच्या भावाने जातं, आणि आपण अभिजात दर्जाच्या कमानी उभारतो.

आता खऱ्या आक्षेपाकडे येते. तो भंगारवाल्यांचा नाही, माझ्या भाच्याचा आहे, आणि तो हुशार आहे. “मावशी, कार्ड कशाला हवं? फ्लॉपीतले बाइट काढ. इस्कीचा तक्ता उघड आहे. मी एका संध्याकाळी युनिकोड करून देतो.” त्याचं बरंचसं बरोबर आहे. काकांनी मजकूर इस्कीत ठेवला म्हणूनच हे शक्य आहे, फॉन्टवाल्या फाइलीला एवढ्या सहज कुणी हात घालणार नाही. पण फ्लॉप्या सव्वापाच इंची. त्यांचा यूएसबी ड्राइव्ह दुकानात मिळत नाही, त्यामुळे बाइट काढायलाही जुनं यंत्रच लागलं. पहिल्या संध्याकाळी निघाला तो कचरा. डॉसच्या पडद्यावर चौकटी आखायच्या रेघांना काही नंबर आधीच दिलेले असत. त्यांना धक्का लागू नये म्हणून पीसीवरच्या इस्कीत अक्षरं बाजूला सरकवलेली होती, आणि भाच्याने सरळ तक्ता लावला होता. दुसऱ्या संध्याकाळी मजकूर आला. चांगला आला. आचारी आचारीच होते.

मग मी एक कहाणी पडद्याशी ताडून पाहिली. बुंदेली वाक्यात काकांनी काही ठिकाणी हलन्त दोनदा दिला होता. भाच्याच्या प्रोग्रॅमने ती टंकनाची चूक धरून एक हलन्त काढून टाकला आणि अक्षरं जोडली: ‘सुन्के’. कार्डाने पडद्यावर दाखवलं ‘सुन्‌के’, न चा पाय मोडलेला पण क ला न चिकटलेला. इस्कीत दोन हलन्तांचा अर्थच तो आहे: हलन्त दिसू दे, जोडाक्षर करू नकोस. काका सगळीकडे असं करत नाहीत. एकाच बाईच्या कहाण्यांत करतात, आणि तिथेही ती सोंग घेऊन बोलते तेव्हाच. ती तिथे थांबत असणार. काकांनी तिचा थांबा टिपण्यासाठी प्रमाणातली एक बारीक सोय वापरली होती. ती आम्ही साफसफाईत पुसून टाकली होती, आणि कार्ड नसतं तर पुसली हे कळलंही नसतं.

भाच्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला, पाच मिनिटांत. म्हणजे तक्ता अपुरा नव्हता. आमची शंका अपुरी होती, आणि ती घ्यायला समोर मूळ पडदा लागला. अनुवादकाला यात नवं काहीच नाही. अनुवाद उत्तम झाला म्हणून मूळ पुस्तक कुणी रद्दीत घालत नाही. उद्या दुसरा कुणी येईल, माझा अनुवाद मूळाशी लावून बघेल आणि मी कुठे ‘साफ’ केलं ते दाखवेल. ही सोय आपण प्रत्येक छापील पुस्तकाला देतो. संगणकावर जन्मलेल्या मजकुराला देत नाही. त्याचं पहिलं भाषांतर झालं की मूळ जाळायचं, आणि याला जतन म्हणायचं!

कारागिराकडे खणात एक सायरिक्सची ४८६ डीएलसी होती. १९९२ ची, ३८६ च्याच खाचेत बसणारी, पण जलद. लावू का म्हणाला. मोह झाला, कारण हे यंत्र एक कहाणी उघडायला माझा चहा होईपर्यंत वेळ घेतं. मी नको म्हटलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये थोडं थांबायचं असेल तर रिकाम्या फेऱ्या मारायला लावलेल्या असतात. प्रोसेसर बदलला की फेऱ्या लवकर संपतात, आणि कोण कुठे कुणासाठी थांबत होतं हे आपल्याला माहीत नसतं. सगळ्या फ्लॉप्या वाचून होऊ देत, मग लावू. हार्ड डिस्क मात्र मी बदलली. ती खरखरत होती, तिच्या जागी कॅमेऱ्यात घालतात तसलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॉप्टरवर बसवलं. डॉसला फरक कळत नाही.

पुण्यात पेशवे दप्तर आहे. मोडीचे रुमालच्या रुमाल. मोडी वाचणारे कमी झाले याची हळहळ प्रत्येक संमेलनात होते, वर्ग निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. चांगलंच आहे. पण विद्यापीठांच्या मराठी विभागांना आणि साहित्यसंस्थांना मला विचारायचं आहे, तुमच्या इमारतीत चालू अवस्थेतला एकतरी डॉसचा संगणक आहे का? नव्वदच्या दशकातल्या कुणा लेखकाच्या घरून फ्लॉप्या आल्या तर तुम्ही त्या कुठे घालाल? प्रकाशकांकडून पुस्तकाच्या प्रती मागता, त्यासोबत पेजमेकरची फाइल, तिचा फॉन्ट आणि त्या फॉन्टचा तक्ता मागितलात का कधी? दालन, उद्‌घाटन, काचेची पेटी यांतलं काहीही नको. एक टेबल, एक जुनं यंत्र, आणि मढातालच्या कारागिरासारखा महिन्यातून दोनदा येणारा एक माणूस, ज्याला वेळेवर पैसे मिळतील. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही पाठभेदांवर अख्खं सत्र घालवलं. ज्या यंत्रामुळे पाठभेद होतो ते उघडून बघायला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही चाळिशी उलटेपर्यंत सुचलं नाही.

चौतीसपैकी तेवीस फ्लॉप्या वाचून झाल्या आहेत. राहिलेल्या अकरांवर बुरशी आहे. एकेक तबकडी आवरणातून काढून अल्कोहोलने पुसावी लागते, नाहीतर ड्राइव्हचं डोकंच खराब होतं. मझौलीत पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकायचं आहे.

मधल्या काळात त्या संस्थेला पत्र लिहून ‘आचाऱ्यांची’ ही दुरुस्ती कळवली. सौजन्यपूर्ण उत्तर आलं. मुद्रितशोधकांनी तपासलं, ‘आचार्यांची’ हाच शब्द संदर्भाला योग्य वाटतो. मी त्यांना पडद्याचा फोटो पाठवते आहे.